डाव्या सीटचा बेल्ट

न वाचता सही केली, ही चूक माझी. वर्गात मुलांना रोज सांगतो, आधी प्रश्न पूर्ण वाचा, मग पेन उचला. पण आदिलाबादच्या शोरूमवाल्यानं कागदावर पेन्सिलीनं फुली मारून तो पुढे केला, आणि इतक्या वर्षांच्या हजेरीपटाच्या सवयीनं हात आपोआप चालला. वर छापलं होतं : काम तपासून घेतले, समाधान आहे.

काम म्हणजे, आमच्या गाडीच्या डाव्या सीटच्या बेल्टमध्ये कारखान्यातूनच दोष आला होता म्हणे. कंपनीनं तसल्या सगळ्या गाड्या परत बोलावून बेल्टचा खटका फुकट बदलून दिला. फुकट म्हटल्यावर मी कशाला तपासतो!

त्या रविवारी तामसीला, बायकोच्या माहेरी गेलो. मी उतरलो, ती उतरेना. नवा खटका सुटेचना. लाल बटण मी दाबलं, तिच्या भावानं दाबलं, अर्ध्या गल्लीनं दाबलं. शेवटी सीट मागे लोटून दोन भावजयांनी तिला बेल्टखालून ओढून काढलं. पदर एकीकडे, चप्पल एकीकडे. शेजारची म्हातारी म्हणाली, "काऊन व बाई, नवरा बांधून आणते का तुले?"

परतताना बायको म्हणाली, "तुमी या गाडीनं. मी बसनं जाते."

शोरूमवाल्यानं खटका खोलून पुन्हा बसवला, "अब ठीक है" म्हणाला. तिनं ऐकलं नाही. पुढे दोन महिने ती कुठेही गेली तर बसनं, आणि मागोमाग मी, रिकाम्या डाव्या सीटसकट.

कंपनीला फोन केला.

"सर, आप तो संतुष्ट हैं."

"नहीं हूँ, मॅडम."

"सर, रेकॉर्ड में हैं."

आता रेकॉर्डशी कोण भांडणार? मग रीतसर अर्ज लिहिला, 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत, हिंदीत. मुद्दा एकच : सही करणारा उजवीकडे बसतो, डावीकडे जी बसते तिला कोणी विचारलेलंच नाही.

या अर्जातलं म्हणणं मात्र कुणाला तरी पटलं असावं. हैदराबादहून कंपनीचा इंजिनिअर आला. शोरूममध्ये बायकोही हजर, अर्थात बसनं. इंजिनिअर स्वतःच डाव्या सीटवर बसला, खटका लावला, "देखिए मॅडम, कुछ नहीं है," म्हणाला आणि बटण दाबत राहिला. दाबतच राहिला.

"आराम से, भैया," बायको म्हणाली. मी छताकडे पाहत होतो. हसलो असतो तर अर्ज नामंजूर झाला असता.

बांधलेल्या अवस्थेतच त्यानं कंपनीला फोन लावला. आठवड्याभरात बेल्टचा अख्खा संच नवा आला. बायकोनं समोर उभं राहून तो बसवून घेतला, मग सीटवर बसून खटका दहा वेळा लावला, दहा वेळा सोडला. मी गाडी सुरू केली. घराकडे वळणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"घरी नाही, पयले माह्या भावाकडे चला. त्या म्हातारीसमोर माह्या हातानं खटका सोडून उतरते मी. अन् तुमी मधात हात घालू नका."