एकेचाळीस सालचा अर्धा सिनेमा

दुपारी बारा वाजता प्रोजेक्शन रूममध्ये मी तपासणीसाठी प्ले दाबलं आणि पडद्याआधी माझ्याच डोळ्यांपुढे अंधार झाला. सर्व्हरवर लाल अक्षरं होती: किल्ली अजून लागू नाही. शो तीनला. हॉल फुल.

हे किल्लीचं प्रकरण सांगतो. हल्ली सिनेमा रिळांच्या डब्यांतून येत नाही. हार्ड डिस्कवर येतो, आणि कुलूपबंद येतो. किल्ली म्हणजे ईमेलने येणारी चिमुकली फाइल. ती ठरलेल्या मशीनवर, ठरलेल्या वेळेतच चालते. मशीनचं घड्याळ पुढे करावं म्हटलं, तर ते काही मिनिटांपलीकडे सरकत नाही. त्यापेक्षा माझ्या सासऱ्यांचं मत सरकवणं सोपं.

किल्लीच्या फॉर्मवर मी ‘दुपारी बारा’ लिहिलं होतं. खाली टाइम झोनचा रकाना होता. त्यात आधीच लॉस एंजेलिस होतं, ते मी तसंच राहू दिलं. म्हणजे कुलूप उघडणार सिंगापूरच्या वेळेने दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला. असला गाढवपणा शिकाऊ माणसाला जमत नाही. त्याला वीस वर्षांचा अनुभव लागतो.

सिंगापुरातल्या तांजोंग पगार भागातल्या आमच्या छोट्या थिएटरात त्या आठवड्यात १९४१ सालचे अमेरिकन सिनेमे होते. काय साल होतं ते. जग युद्धात होरपळतंय, अमेरिका डिसेंबरपर्यंत बाहेर, आणि तिथले स्टुडिओ एकाहून एक सिनेमे काढतायत. ते बोटीने सिंगापूरला पोचेपर्यंत इथे बॉम्बही पोचले होते.

मॅनेजर मिस लिम धावत वर आल्या. “जोशी, शो कॅन्सल करू?”

“करा. पण अंकल कोहना तुम्ही सांगा.”

त्या खुर्चीवर बसल्या.

अंकल कोह इथल्याच बिशान भागातले, वय ब्याऐंशी. बेचाळीसच्या जानेवारीत ते मोठ्या बहिणीबरोबर हाच सिनेमा बघत होते. निम्म्यात भोंगा वाजला, सगळे बाहेर पळाले. शेवट राहिला. पुढे डीव्हीडी आली, नातवंडांनी फोनवर दाखवतो म्हटलं. अंकल कानांवर हात ठेवायचे. बघीन तर थिएटरात, आणि चे-चेबरोबर. चे-चे म्हणजे ताई. ताई अठ्ठ्याऐंशीच्या, व्हीलचेअरवर, पुढच्या आठवड्यात मुलीकडे पर्थला कायमच्या निघालेल्या. दुसरा शो नव्हता.

अमेरिकेत रात्र, ऑफिस बंद. किल्ली बनवणाऱ्यांचं एक ऑफिस लंडनलाही होतं. ते उघडणार आमच्या चार वाजता. साडेपाचला हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता. सिनेमा दोन तासांचा. हिशोब कसाही मांडला तरी निम्माच बसत होता.

तीनला मी पडद्यापुढे उभा राहिलो. दोनशे डोळे माझ्यावर. माझी चूक कबूल केली. (थोडी लंडनवरही ढकलली.)

अंकल म्हणाले, “निम्माच? कुठला निम्मा?”

“तुम्हाला हवा तो.”

“मला दुसराच हवा. पहिला पाहिलाय.”

“आणि बाकीच्यांनी?” मिस लिम कुजबुजल्या.

पुढच्या रांगेतून, शेवटी सिंगापुरी ‘लाह’ लावत, आवाज आला. “माइक दे लाह. पहिला मी सांगते.”

आणि ताईंनी सांगितला. तासभर. इंग्रजीत, होक्कियन या चिनी बोलीत आणि दोन्ही हातांनी. करोडपतीची पोर, तिच्यामागे लागलेला वार्ताहर, आगगाडीतली मारामारी. पोरीचा काका तर असा मेला की मागच्या रांगेत दोघी बायका डोळे पुसत होत्या. मी मोबाईलवर लंडनला सारखा फोन लावत होतो आणि मधेच काकासाठी हळहळत होतो.

चार वाजून दहा मिनिटांनी लंडनने फोन उचलला. चार वीसला किल्ली आली. मी सिनेमा बरोबर मध्यावरून लावला.

पडद्यावर पहिलाच माणूस, टोस्टला लोणी लावत बसलेला: काका. धडधाकट.

हॉल असा हसला की छप्पर इंडोनेशियापर्यंत जाऊन परत आलं. अंकल बहिणीकडे वळले. “चे-चे, तू याला मारलंस.”

“गप बस. बघ पुढे.”

त्यांनी पाहिलं. शेवटपर्यंत. दिवे लागले तेव्हा अंकलनी बहिणीचा हात धरलेला होता, आणि सोडायची घाई दोघांनाही नव्हती.

मी खाली जाऊन विचारलं, “कसा होता शेवट?”

“बरा होता,” अंकल म्हणाले. “सुरुवात जास्त चांगली होती.”

“खरी सुरुवात पाहायची असेल तर लावून देतो कधीतरी.”

“नको,” ताई म्हणाल्या. “त्यात चुका असणार.”

तेव्हापासून कुठल्याही फॉर्मवर मी आधी टाइम झोन भरतो, मग स्वतःचं नाव.