हाईम म्हणजे आयुष्य

बाबांना हाईम हे नाव मिळालं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि ते बेंगळुरात हेब्बाळच्या एका दवाखान्यात नाकात नळी घालून पडले होते.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. बाबांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे जयनगरात रुजलो. आमच्यात दुखणं हाताबाहेर गेलं की आजाऱ्याचं नाव बदलतात. मृत्यूचा दूत जुन्या नावानं शोधत येतो आणि माणूस न सापडून परत जातो, अशी समजूत. त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बेंगळुरात दहा ज्यू गोळा करायचे म्हणजे कर्मकठीण! शेवटी ठाण्याच्या काकांनी तिथल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना करवली आणि फोन केला, "आजपासून तो हाईम. त्याच नावानं हाका मारत राहा. जुनं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही."

हाईम म्हणजे आयुष्य. मूळ धातू जगण्याचा. मुलगी असली की हाया. हिब्रूत हाईम हा शब्द कायम अनेकवचनातच येतो, म्हणजे माणसाला एकच आयुष्य मिळतं हे त्या भाषेला मान्य नसावं. त्यातला 'ह' घशातून खरवडून काढायचा, तो आम्हा कोकणातल्यांना कधी जमला नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेत मनुकांच्या सरबताचा पेला उचलून बाबा आमच्याकडून हाच शब्द मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. मला नाव बदलणं थोतांड वाटत होतं, आणि तरी आधीच का नाही केलं म्हणून जीव जळत होता.

पंचाईत झाली आईची. लग्नातला उखाणा सोडला तर तिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. नुसतं 'अहो'. आता तिनं नावानं हाक मारायची? तिनं पदर तोंडाशी नेला. बाबा क्षीण हसून म्हणाले, "घे की! नाहीतरी माझं नाहीच ते."

मग तिनं घेतलं. आधी अडखळत, मग उठता बसता. फाइल बघून जुन्या नावानं हाक मारणाऱ्या नर्सवर ती अशी खेकसली, की ती बिचारी "सरी अम्मा, सरी" करत मान डोलवायला आणि बाबांना अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायला लागली.

तरी बाबा खंगतच गेले. हाकेला ओ देईनात. एका दुपारी त्यांना श्वास लागला. आई "हाईम, हाईम" करत होती, मी "बाबा, बाबा" म्हणून रडत होते, पण डोळे मिटलेलेच. मग आई त्यांच्या कानाशी वाकली आणि तिनं त्यांचं खरं नाव घेतलं. स्पष्ट, न लाजता. बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिले. तसेच गेले.

वर्ष होत आलं. आई अजून म्हणते, "मीच त्या दूताला पत्ता सांगितला." मला राग येतो, रडूही येतं. मी म्हणते, "अगं, तुझी हाक ऐकली त्यांनी! तुझ्याकडे बघितलं!"

"हो ना," ती म्हणते. "पण ऐकणारे दोघं होते."