अर्धं गंगावन

माझ्या मुलीवर माझ्या वहिनींनी करणी केली, असा आरोप मी केला होता. पाठीमागे नाही, त्यांच्या तोंडावर, भर दुपारी, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून. त्यांना मूल नाही, हेही मी त्यात ओढलं. पुढचं वाचताना कुणाला माझी कीव येऊ नये म्हणून हे आधीच सांगून टाकतो. आजारी लेकराच्या बापाची कीव सगळ्यांनाच येते. मलाही माझी फार यायची, आणि तिच्या आड मी पुष्कळ काही करून घेतलं.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आमचं बुऱ्हाणपूर अजून वेगळा जिल्हा झालं नव्हतं, मोबाईल मोजक्या लोकांकडे होते. तिचा ताप जाईना, अंगावर निळे डाग यायला लागले, म्हणून इंदूरला नेलं आणि तिथे रक्ताचा कॅन्सर निघाला. मग आमचं जगणं त्या रस्त्याला बांधलं गेलं. इंदूरला जायचं, केमो घ्यायची, घरी यायचं, खाली गेलेल्या पांढऱ्या पेशी वर येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं, की पुन्हा इंदूर. असीरगडच्या घाटात तिला हमखास उलटी व्हायची. बायको पदराआड पिशवी धरायची आणि मी बसमधल्या लोकांकडे बघत राहायचो, कोण खोकतंय, कोण शिंकतंय.

डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी उकळलेलं, अन्न ताजं नि गरम, गर्दी नको, आणि ताप आला तर लगेच निघायचं. वजन तर घटू द्यायचंच नाही. अंगात ताकद असेल तरच पुढची केमो, नाहीतर ती लांबते, आणि ती लांबली की आजाराला फावतं.

घरात आम्ही दोघे भाऊ एकत्र राहायचो. मोठा भाऊ शाहपूरच्या शाळेत मास्तर, रोज बसने जाऊन येऊन करायचा. वहिनी घरी. मुलगी त्यांना मोठमाय म्हणायची. तोंडात फोड आले की ती आईच्या हातचाही घास घेत नसे, पण मोठमायच्या हातून मुगाची पातळ खिचडी पोटात जायची.

"हा घास इंदूरच्या डॉक्टरचा," वहिनी म्हणायच्या.

"त्याला नको देऊ. तो सुई टोचतो."

"मग त्याचा आपणच खाऊन टाकू. बसू दे त्याला उपाशी."

मी केळीच्या आडतीवर काम करायचो. या धंद्यात माणूस संशयावरच जगतो. घड ओले करून वजन वाढवलंय का, वरच्या फण्या चांगल्या आणि आतल्या डागी आहेत का, पिवळेपणा झाडाचा की पिकवायच्या पावडरीचा, हे बघायची डोळ्यांना सवय लागते. ती सवय मी घरी आणली. दूध हुंगायचो. पाणी खरंच उकळलंय का म्हणून पातेल्याला हात लावायचो. इंदूरला सलाईनची बाटली उजेडात धरून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायचो. एकदा नर्स म्हणाली, "भैया, आप डॉक्टर हो क्या?" मी म्हटलं, "नहीं, केले का काम है." ती हसली. मला हसू आलं नाही. लेकराच्या रक्तात हे कुठून शिरलं, कुणी शिरवलं, हे मला कुणाच्या तरी तोंडावर शोधायचं होतं.

केस जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तिचे केस कमरेपर्यंत, दाट. शाळेत जाताना लाल रिबिनीच्या दोन वेण्या असायच्या. आता त्या दिवसागणिक बारीक होत होत्या, पण गळलेले केस मात्र मला कुठेच दिसत नव्हते. उशीवर नाही, कंगव्यात नाही, मोरीच्या जाळीवर नाही. माल घटतोय आणि सांडलेला दिसत नाही, म्हणजे कुणीतरी उचलतंय. हे मी आडतीवर शेजारच्या गाळ्यातल्या काकांजवळ बोलून गेलो.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "भाऊ, बुरा मत मानना. पण लेकराचे केस कोण उचलून राहिलं, ते बघून ठेवा. केस आणि नखं घरच्याच माणसाच्या हाती लागतात."

मी बी.कॉम. झालेला माणूस. चौकात उताऱ्याचं लिंबू दिसलं तर मी मुद्दाम त्यावरून सायकल घालायचो. त्या दिवशी मात्र हसण्यावारी न्यायच्या ऐवजी मी म्हणालो, "बघतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दाराच्या फटीतून बघितलं. बायको अंघोळीला गेली होती. वहिनी मुलीच्या उशीवर वाकून एकेक केस वेचत होत्या. वेचून झाल्यावर त्यांनी त्याची गुंडाळी केली, तिच्यावर थू थू केलं आणि ती पदराच्या टोकाला बांधली. आता खरं सांगायचं तर गुंतवळावर थू थू करणं हे आमच्या घरातली प्रत्येक बाई करते. माझी आई करायची, बायको करते. कुणाच्या पायात येऊ नये, नजर लागू नये म्हणून. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण बाकीच्या ते टाकून देतात, आणि वहिनींनी बांधून ठेवलं, एवढंच मी धरून बसलो.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, त्या आहेत म्हणून मला अंघोळ तरी मिळते. तुम्ही आता माझ्यावर पण पहारा ठेवणार का?"

त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. तिला घेऊन इंदूरला धावलो, ताप उतरवून परत आलो. असा ताप येणारच, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी मात्र माझा हिशेब जुळवून टाकला. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना मी त्यांचं कपाट उघडलं. साड्यांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात माझ्या मुलीचे केस, सारखे करून, एका बाजूने लाल दोऱ्याने बांधलेले.

मी डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबलो. वहिनी खाली आल्या.

"वहिनी, हे काय आहे?"

त्यांनी डब्याकडे बघितलं, मग मुलगी झोपली होती त्या खोलीकडे. "ठेवा ते भाऊजी. हळू बोला."

"का? कुणी ऐकेल म्हणून?"

"ती ऐकेल म्हणून."

"कशाला जमवून राहिल्या तुम्ही तिचे केस?"

"मला सांगता येत नाही. शपथ आहे."

शपथ म्हटल्यावर माझं उरलंसुरलं भान गेलं. मी म्हणालो, "स्वतःच्या पोटी काही नाही, म्हणून माझ्या लेकराच्या जीवावर उठल्या काय तुम्ही?"

बायको ओरडली, "अहो, गप्प बसा!" वहिनींनी हातातली बादली तेवढी खाली ठेवली. त्या गप्प बसल्या म्हणजे कबूल झाल्या, असं मी धरलं.

संध्याकाळी भाऊ घरी आला. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "करणी-भानामती खोटी असते, असं मी वर्गात पोरांना शिकवतो. घरातलं एक पोरगं शिकवायचं राहून गेलं." दुसऱ्या दिवशी दोघं शाहपूरला खोली घेऊन राहायला गेले.

मी डबा घेऊन तापीच्या घाटावर गेलो आणि केस पाण्यात सोडले. ते बुडेनात. फिरून पायरीशीच येत राहिले. मी पायाने लोटले. तोंडाने काहीतरी पुटपुटलोही. लिंबावरून सायकल घालणारा मी.

मुलीला आम्ही सांगितलं की मोठमाय काही दिवस शाहपूरला गेली. त्या दिवसापासून तिचं खाणं सुटलं. बायको वाटी घेऊन तासन्‌तास बसायची. "एक घास डॉक्टरचा," तिने म्हणून बघितलं. मुलगी म्हणाली, "ते मोठमायचं आहे. तू नको म्हणू." मी झाडाचा घड आणून घरात टांगून पिकवला, पावडर नको म्हणून. त्याची शिकरण तिने ओठाला लावली आणि तोंड फिरवलं. इंदूरला गेलो तर वजन उतरलेलं. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. "बच्ची को पहले कौन खिलाता था? उन्हें बुलाइए," ते म्हणाले. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

घरी परतल्यावर एका सकाळी मी तिच्या खोलीत गेलो. उशीवर केसांचा झुपकाच्या झुपका पडला होता. तो उचलायला आता कुणी नव्हतं. मी पाहतच राहिलो.

"पप्पा, तिकडे तोंड करा," ती म्हणाली. "मी उचलते."

"का गं?"

"तुम्ही रडता ना. नळ सोडून रडता, मला ऐकू येतं. म्हणून मी मोठमायला शपथ घातली होती, पप्पांना केस दिसू द्यायचे नाही. ती असती तर तुम्हाला दिसलेच नसते."

मी खाटेवर बसलो.

"आणि माझं गंगावन? ती माझ्याच केसांचं बनवून राहिली होती. माझ्या रिबिनीचा दोरा काढून बांधलं तिने. मी शाळेत गेली की स्कार्फखालून वेणी दिसेल ना, मग कोणी हसणार नाही. अर्धं झालं होतं. कुठंय ते?"

"मोठमायजवळ आहे," मी म्हणालो. खोटं मी तिथल्या तिथे बोललो, विचारसुद्धा न करता.

त्याच दिवशी शाहपूरला गेलो. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मी चुकलो, असं म्हणालो नाही. म्हणालो, "लेकरू जेवत नाही. केमो थांबली आहे." लेकराला पुढे करून मी त्या शब्दातून निसटलो. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं, चप्पल घातली आणि माझ्यापुढे चालायला लागल्या. बसमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "ते केस?"

"नदीत सोडले."

त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

मुलीने पहिला प्रश्न तोच विचारला. "मोठमाय, गंगावन आणलं?"

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बसून म्हणाल्या, "अगं, शाहपूरच्या खोलीत उंदीर फार. कुरतडून टाकलं मेल्यांनी."

"तू सांभाळलं नाहीस!" मुलगी रडायला लागली. "तू उघडं ठेवलं असशील!"

"हो गं बाई. माझंच चुकलं."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नाही, आणि मी ते उघडलं नाही.

रुसवा सोडून मुलगी जेवायला लागली. केमो पुन्हा सुरू झाली. वहिनी रोज सकाळच्या बसने यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. येताना पाण्याची बाटली स्वतःची आणायच्या, आमच्या घरचा घोटही घेत नव्हत्या. खिचडी झाली की वाटीत काढून आधी माझ्यापुढे ठेवायच्या. "खा भाऊजी. तुम्ही खाल्लं की मग तिला देते." मी खायचो. केसांना तर त्यांनी हातच लावणं सोडलं. "उचला," म्हणायच्या. मी उशीवरचे केस वेचायचो आणि त्या दारात उभ्या राहून बघायच्या. तिच्याजवळून उठल्या की पदराचं टोक झटकून, दोन्ही तळवे माझ्यासमोर धरायच्या. रिकामे. मग खोलीबाहेर पडायच्या. बायको एकदा म्हणाली, "वहिनी, पुरे आता." त्या म्हणाल्या, "मला पुरे झालं गं. यांना पुरे झालं का ते विचार."

इलाज लांबला, पण मुलगी त्यातून निभावली. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. ती शाळेत गेली, कॉलेजात गेली. भाऊ-वहिनी परत बुऱ्हाणपूरला आले, पण आमच्या गल्लीत नाही, स्टेशनकडे. सणावाराला येणं-जाणं सुरू झालं. वहिनी आमच्या घरचं पाणीही प्यायला लागल्या. लोकांना वाटलं, सगळं मिटलं. आमच्या घरात तर त्या उंदरांची थट्टा होऊन बसली. वहिनींच्या हातून काही हरवलं की मुलगी म्हणायची, "मोठमाय, तुझे शाहपूरचे उंदीर आले वाटतं!" सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या. मी उठून बाहेर जायचो.

गेल्या दिवाळीत मुलगी अंगणात बसली होती आणि वहिनी तिचे केस विंचरत होत्या. मी पेपर वाचत होतो. विंचरून झाल्यावर वहिनींनी कंगव्यातलं गुंतवळ काढलं, त्याची गुंडाळी केली आणि नकळत, सवयीने, हात माझ्याकडे पुढे केला. तळवा उघडा. पदराचं टोकही झटकलं. मग काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळल्या. माझ्या संशयाने त्यांच्या हाताला लावलेली ती सवय इतक्या वर्षांनंतरही गेली नव्हती.

मुलीला काहीच कळलं नाही. "मोठमाय, नीट टाक हां," ती म्हणाली. "नाहीतर तुझे उंदीर..."

"उंदीर नव्हते," मी म्हणालो. "मीच होतो."

"भाऊजी, राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"नाही वहिनी. तिला ऐकू द्या." मी पेपर बाजूला ठेवून त्यांच्यासमोर खाली बसलो. मुलगी वळून माझ्याकडे बघत होती. "तुझं गंगावन मी नदीत टाकलं. मोठमाय तुझ्यावर करणी करते असं मला वाटलं होतं, म्हणून. तिने तुझी शपथ मोडली नाही, आणि माझं नाव सुद्धा सांगितलं नाही. दोष अंगावर घेऊन बसली. आणि वहिनी, मी तुम्हाला जे बोललो ते रागाच्या भरात तोंडून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला तसंच वाटलं होतं. तुम्हाला मूल नाही म्हणून वाटलं. तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर वाटलं नसतं. माझं चुकलं, वहिनी. हे शाहपूरला तुमच्या दारातच म्हणायला पाहिजे होतं. आज म्हणतो. मला माफ करा."