बोर्डिंगचे नळ उघडून बघताना

मी गोरेगावात रिसेलचे फ्लॅट दाखवते. धंदाच असा, की कुठेही गेले तरी नजर आधी छताकडे जाते. ओल नव्या रंगाखाली दडवली असली तरी मला दिसते. त्यामुळे लेकीसाठी बोर्डिंग शाळा बघायला निघालो तेव्हा म्हटलं, मला कोण फसवणार?

बोर्डिंग हवं होतं ते तिला. मला नव्हतं. ती तेरा वर्षांची, धावते, आणि झकास धावते. पण आमच्या सोसायटीत गाड्यांमधून चालायला जागा नाही, तिथे पळणार कुठे? रोज पहाटे ती रस्त्याच्या कडेने पळायची आणि मी स्कूटरवर तिच्या मागे. कुत्री, डंपर, टवाळ पोरं, सगळ्यांना हॉर्न मारत. तिचे सर म्हणाले, हिला ट्रॅक हवा, ट्रॅक असलेल्या निवासी शाळेत घाला. सरांचं काय जातंय सांगायला? माझा नवरा बोटीवर, वर्षातला बराच काळ समुद्रात. ही पण गेली की घरात मी आणि टीव्ही.

पहिली शाळा नाशिककडची. मी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जाऊन सगळे नळ एकदम उघडले. धार करंगळीएवढी. म्हटलं, चला पुढे. दुसऱ्या शाळेची मेस चकाचक होती, पण मी मागच्या बाजूला गेले तर गटार तुंबलेलं. तिथल्या बाईंना मी तोंडावर सांगितलं, "मॅडम, सँपल फ्लॅट बिल्डर पण असाच दाखवतात." लेक कानापर्यंत लाल झाली.

गाडीत म्हणाली, "आई यार, तू ना अति करतेस."

"तुझ्याच भल्यासाठी करतेय," मी म्हटलं.

तिसरी शाळा घाटावर. तिथे गेल्या गेल्या लेक ट्रॅक बघायला पळाली आणि मी हॉस्टेलमध्ये शिरले. नळाला पाणी धो धो. छत कोरडं. वॉर्डनबाई शांत होत्या. "काय हवं ते उघडून बघा," म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या. मी गाद्या उचलल्या, कड्या हलवल्या, कपाटात डोकं घातलं. काही म्हणजे काही सापडेना, आणि माझं डोकं तापत चाललं. शेवटी एका खिडकीची जाळी कोपऱ्यात फाटलेली दिसली.

"इथून डास येणार," मी म्हटलं. "पोरीला डेंग्यू झाला तर? नाही जमणार आम्हाला."

लेक दारात उभी होती. बूट लाल मातीने माखलेले, चेहरा घामाने चमकत होता. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "डील मोडायचं असलं की तू अशीच खुसपटं काढतेस ना?"

वॉर्डनबाई पाणी आणते म्हणून उठून गेल्या. मी तिथल्याच एका पलंगावर बसले.

"हो," मी म्हटलं. "तू जायला नकोयस मला. घर खायला उठेल गं." मग मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

ती येऊन चिकटून बसली. हल्ली अशी बसत नाही. "भीती मला पण वाटते," म्हणाली. "पण मला धावायचंय."

मी पदराने तोंड पुसलं. रविवार म्हणजे माझ्या धंद्याचा दिवस, सगळ्या पार्ट्या रविवारीच घरं बघायला निघतात. तरी म्हटलं, "बरं. दर रविवारी येईन भेटायला. कोलंबीचं कालवण घेऊन येईन."

तिने मान हलवली. "पहिला महिना येऊ नकोस."

"का गं? लाज वाटते माझी?"

"नाही. तू आलीस तर मी तुझ्याबरोबर परत येईन."