हिराअक्कांचं दार

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हिराअक्का आपल्या घराचं दार डोक्यावर घेऊन आमच्याकडे यायच्या. निळं, पत्र्याचं दार. मुलांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्हाला मी पांझरा नदीच्या काठावरच्या ज्या चार मजली इमारती दाखवते ना, तिथे तेव्हा झोपड्या होत्या. त्यांतली एक अक्कांची. पुरात दार जाऊ नये म्हणून ते देवपुरात आमच्या मागच्या व्हरांड्यात ठेवायचं आणि चार महिने गोणपाट टांगून राहायचं, ही त्यांची रीत. "नदी भांडा परत देस बाई, दार देत नही," त्या सांगायच्या.

त्या वांगी विकत. ओट्यावर बसत, पण आत येत नसत. "तुमनं घर दवाखानासारखं शे. हात लावाले भ्याव वाटस."

झोपड्या हटवून तिथेच पक्क्या खोल्या द्यायचं ठरलं, तेव्हा मोजणीवाल्यांनी दारादारावर नंबर रंगवले. यादीत नावं नव्हती, नुसते नंबर. अक्कांचा सत्तावीस. त्या पावसाळ्यात तो आकडा मी रोज पाहत होते.

त्यांची शेजारीण शेवंता मोजणीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी होती. तिची झोपडी बिननंबरी राहिली. हिवाळ्यात ती तान्ही मुलगी घेऊन परतली, तेव्हा दाराच्या जागी जुनं लुगडं लोंबत होतं. अक्कांनी आमच्याकडून दार नेलं आणि थेट तिच्या झोपडीला बसवलं. नंबर दाराबरोबर जातो, हे दोघींच्याही मनात आलं नाही. खरं सांगते, माझ्याही नाही.

उन्हाळ्यात तपासणी झाली. सत्तावीस शेवंताकडे, अक्कांकडे गोणपाट. एका नंबराला एकच खोली. दोघींना कचेरीत बोलावलं. मी अर्ज टाइप करून अक्कांची साक्षीदार म्हणून गेले.

"दार कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"हिराअक्कांचं. चार महिने माझ्या घरी होतं," मी म्हणाले.

साहेब अक्कांकडे वळले. अक्कांनी शेवंताकडे बोट केलं. "तिनं शे."

"मग या बाई खोटं सांगतात का?"

"नही साहेब. त्यासनाकडे व्हतं तव्हय मनं व्हतं. आते तिनं शे." माझ्याकडे होतं तोवर त्यांचं, आता शेवंताचं.

शेवंता मुलीला थोपटत खाली बघत राहिली. साहेबांनी तिचं नाव लिहिलं.

रिक्षात मी अक्कांवर चिडले. "खोली गेली तुमची, कळतंय का?"

"थंडीमा दिधं बाई, आते उन्हायामा कसं मांगू?"

"मग मला आधी सांगायचं."

"तुम्ही अर्ज इतका चांगला लिखेल व्हता. कसं सांगू?"

चार दिवसांनी त्या पहूरला भावाकडे निघून गेल्या.

शेवंताला खोली मिळायला हवी होती का? हवीच होती. मग अक्कांना नको होती का? मी खरं बोलले आणि तरी खोटी ठरले, अक्का वेगळं बोलल्या आणि मला त्या खोट्या वाटत नाहीत. इतकी वर्षं शिकवलं, पण हे मला मांडता येत नाही.

दोन वर्षांनी खोली मिळाल्यावर शेवंता आमच्याकडे आली. मुलगी आता पळायला लागली होती. "अक्कांना घेऊन येते म्हणते," ती म्हणाली. "दोघींना पुरेल. पत्ता द्या."

"पहूरला आहेत."

"पहूर केवढं मोठं आहे, बाई. भावाचं नाव काय?"

मी ते कधी विचारलंच नव्हतं.