शांतम्मा, करडीचं तेल आणि लेदर फिनिश

उमरग्यात बातमी अशी फिरली, की शांतम्मानं पोराचा लेदरचा सोफा मुद्दाम नासवला. लिंगायताच्या घरात, पूजेच्या खोलीला लागून कातडं कशाला, म्हणून म्हणे म्हातारीनं सगळी पांगल्याली बघून सोफ्यावर डबाभर करडीचं तेल ओतलं. रसवंतीवर तो डबा होता. दवाखान्याच्या बाकापर्यंत पोचला तवर त्याचं पिंप झालं. तिथं एक बाई छातीवर हात ठेवून सांगत होती, "अवो, उटणं लावून आंघोळ घातली म्हणं सोफ्याला!"

सगळं खोटं. तेल डबाभर नव्हतं, वाटीत बुडवलेल्या चिंधीला लागलं तेवढं होतं. लावलं ते सोफ्याच्या पाठीमागं, भिंतीकडच्या कोपऱ्यात, वीतभर जागेला. आणि कातड्याचा विटाळ शांतम्माला जन्मात नव्हता. तिच्या बापाच्या विहिरीवर बैलांनी पाणी ओढायची कातडी मोट होती. त्या मोटेला तेल लावायचं काम परकरातल्या शांतम्माकडं. चिंधीनं, थोडं थोडं, आतनं-बाहेरनं आणि सावलीत. उन्हात ठेवली की बाप ओरडायचा, "मोट वाळली तर तुलाच वाळत घालीन!" रात्रभरात कातडं तेल पिऊन टाकायचं, सकाळी हात फिरवला तर कोरडं. कातड्याबद्दल जे काही कळायचं ते तिला तेव्हाच कळलं होतं.

तर सोफा. शिवकुमारचं मेडिकल दुकान बरं चालतं, म्हणून दोन वर्षांमागं त्यानं हायवेवरच्या फर्निचर मॉलमधनं हा तपकिरी सोफा आणला. सून गायत्रीनं त्यावरचं प्लॅस्टिक काढूच दिलं नाही. बसलं की कर्रर्र, उठलं की चर्रर्र. उन्हाळ्यात पाहुणा उठला की पायजमा मागं राहतो का काय, अशी धास्ती.

"गायत्री, कातडं गुदमरायलंय ग. वारा लागू दे त्याला."

"डाग पडतात आत्या. तुम्हाला न्हाय कळायचं ह्यातलं."

न्हाय कळायचं! शांतम्माला हे वाक्य भाकरीतल्या खड्यासारखं लागलं, पण गिळलं.

यंदा पाडव्याच्या साफसफाईला प्लॅस्टिक निघालं. सोफा तहानलेला असणार, असं शांतम्माच्या मनानं घेतलं. पण आधी गुण बघावा, मग सगळीकडं लावावं, ही तिची बापाकडची रीत. म्हणून तो मागचा कोपरा. तीन दिवसांनी बोट फिरवलं, तर तेल तसंच वर तरंगत होतं आणि त्यावर धूळ बसलेली.

"शिवू, हे कातडं न्हाय रं."

"अव्वा, बिलावर लेदर लिवलंय."

महिन्याभरात बसायच्या जागेचे पोपडे निघायला लागले. उठणाऱ्याच्या पाठीमागं तपकिरी खपल्या. शिवकुमारनं मॉलला फोन केला आणि रणधीर नावाचा मॅनेजर आला. टाय, हातात मोबाईल, आणि दर वाक्याला "ॲक्च्युअली". त्यानं सोफा चहूबाजूंनी हुंगला, मागं वाकला, आणि त्याचं तोंड दिवाळीसारखं उजळलं.

"ॲक्च्युअली, हे काय आहे?"

"तेल. म्या लावलं," शांतम्मा सरळ बोलली. खोटं बोलायचं कारणच नव्हतं.

त्यानं तक्रारीच्या कागदावर झरझर लिहिलं: 'वृद्ध महिलेने तेल लावल्यामुळे नुकसान. वॉरंटी लागू नाही.' आणि शिवकुमारनं खाली सही ठोकली!

मॅनेजर गेल्यावर शांतम्मानं कागदाची घरी राहिलेली प्रत गायत्रीकडनं वाचून घेतली. मग दुसऱ्यांदा वाचून घेतली. मग उठून उभी राहिली.

"सही केलीस? पोपडे बसायच्या जागंला, तेल भिंतीकडं. तेल काय चालत गेलं का रं पुढं?"

"जाऊ दे ना अव्वा. सोफाच तर हाय."

"सोफा घाल खड्ड्यात! माझं नाव लावलंय त्यात."

"नाव कुठंय? 'वृद्ध महिला' लिवलंय."

"मग ह्या घरात वृद्ध कोण हाय दुसरी? गायत्री?"

गायत्रीनं ओढणी तोंडात कोंबली. हसू दाबायला का राग, ते कळलं नाही.

पण कागदावरची गोष्ट गावात जायला पाय लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदिरात दोघीजणी शांतम्माला बघून "तेल आणलंय का शांतक्का?" म्हणाल्या. सत्तर वर्षं जिनं भांड्याला पोचा येऊ दिला नाही, ती वस्तू नासवणारी ठरली. शांतम्मा पूजा अर्धी टाकून घरी आली. एकच धोशा: ती ओळ कागदावरनं गेली पाहिजे.

आमचं घर समोरच. मी म्हणाले, "आज्जी, मॉलवाले लिवलेलं खोडत नसतात."

"आठ दिवसांत खोडून आणीन. लाव पैज!"

लावली. ती हरली तर कॉलेजच्या गॅदरिंगला मी तिची नक्कल करणार, आणि ती पहिल्या ओळीत बसणार. मी हरले तर काय, ते ऐकायला मी थांबलेच नाही. इतकी खात्री.

तिसऱ्या दिवशी शांतम्मा गायत्रीला घेऊन रिक्षानं मॉलमध्ये गेली. कनवटीला सोफ्याचा हातभर पोपडा. रणधीर तेव्हा तुरोरीच्या एका जोडप्याला तसलाच सोफा दाखवत होता.

"ॲक्च्युअली काका, हे प्युअर लेदर फिनिश आहे."

शांतम्मा त्याच सोफ्यावर जाऊन बसली. "फिनिश म्हंजी काय रं लेकरा?"

"मावशी, तुम्ही जरा तिकडं बसा ना."

"न्हाय, सांग की. आमच्यात फिनिश म्हंजी संपलं. लेदर संपलं, मग राह्यलं काय?"

तुरोरीचे काका थांबले. शांतम्मानं पोपडा काढून उलटा केला. आत पांढऱ्या सुताची जाळी, दोरा न् दोरा दिसत होता.

"कातड्याची आतली बाजू मऊ, लवंची असती. हे बघा काका, बनियन! कुठला बैल बनियन घालून जन्मला, ते ह्याला विचारा!"

काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. काका मात्र हसले नाहीत. बसायच्या जागेला नख लावून बघायला लागले. रणधीरला घाम फुटला. ॲक्च्युअली कुठं गेलं कोण जाणे.

"मावशी, सीटं बदलून देतो. जाड कापडाची, नवी."

"सीटं नंतर. आधी कागद."

त्यानं फाईल काढून ओळीवर काट मारली. शांतम्मानं गायत्रीला विचारलं, "काटेखालचं वाचता येतंय का?"

"येतंय की आत्या." आणि मग सून आपणहून बोलली, "ओ दादा, नवा कागद घ्या. आमच्या आत्यांचा काय संबंध न्हाय म्हणून लिवा. शिक्का मारा."

शांतम्मानं सुनेकडं बघितलं. मग रणधीरकडनं तो नवा कागद तिनं मोठ्यानं वाचून घेतला, काका-काकूंसमोर, सावकाश: 'तेलाचा संबंध नाही. माल लेदरचा नाही.'

त्या कागदाच्या झेरॉक्स निघाल्या. एक मंदिरात गेली. एक माझ्या नाकासमोर धरली गेली, आणि मग पैजेचा उरलेला भाग मला कळला: वर्षभर दर रविवारी नवी सीटं मी साफ करायची. गाद्या बाहेर काढून झटकायच्या, फटीतलं ब्रशनं काढायचं, मग पुसून सावलीत वाळवायचं आणि बाजू उलटून लावायची. आज चौथा रविवार. अजून अठ्ठेचाळीस बाकी हायत, आणि आज्जी डोक्यावर उभी हाय.

"फडकं पिळ आधी! सोफा पुसायलीस का म्हस धुवायलीस?"