फिकट रोपं

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनबाहेर, दुधाचे टँकर जातात त्या रस्त्यावर आमचं ग्रीनहाऊस आहे. औषधी गांजाचं. लायसन्स आहे, कुंपण आहे, कॅमेरे आहेत, तरी आई साताऱ्यात सगळ्यांना 'टोमॅटोचं संशोधन' म्हणूनच सांगते. माझं काम वाण स्थिर करणं. औषधासाठी प्रत्येक रोपात तेच गुण तेवढ्याच प्रमाणात लागतात. म्हणून मादी झाडावर चांदीचं द्रावण फवारून त्यालाच नरफुलं आणायची आणि त्याच्याच परागानं त्यालाच फळवायचं. पिढ्यान् पिढ्या असं केलं की वाण एकसारखा होतो. पण आत दडून बसलेले दोषही याच वाटेनं वर येतात. काही रोपं फिकट, पांढुरकी उगवतात. ती मी चिमट्यानं उपटतो. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

माझी बायको माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे हे चालतं, उलट मामाच्या मुलीवर पहिला हक्कच समजतात. आईसुद्धा बाबांच्या मामाचीच मुलगी. भाचीच सून झाली म्हणून तिला कोण आनंद! माणसं म्हणजे काही झाडं नव्हेत, असं म्हणून मीही विषय मिटवला आणि वरातीत मिरवून घेतलं.

यंदा तिला दिवस गेले. पहिल्याच भेटीत मिडवाइफनं सहज विचारलं, "आर यू टू रिलेटेड, बाय एनी चान्स?" बायको हसून "येस, कझिन्स" म्हणाली. मग रक्ततपासण्या झाल्या. दोघांच्याही रक्तात एकच दोष निघाला. एकाकडूनच आला तर बाळाला काही होत नाही. दोघांकडूनही आला तर बाळ फार जगत नाही. शक्यता चारांत एक, असं डॉक्टरीण म्हणाली. बाळाची तपासणी केली आणि निकालाची वाट बघायला आम्हाला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कामावर नवा ट्रे उगवून आला होता. त्यातही फिकट रोपं होती. मी चिमटा घेतला आणि पहिल्याच रोपापाशी थांबलो. आज इथे उपटलं तर तिकडे काहीतरी होईल, अशी शिकल्यासवरल्या माणसाला न शोभणारी भीती वाटली. शेजारी काम करणाऱ्यानं "यू ओके, मेट?" विचारलं. "स्वीट ॲज," म्हणजे एकदम मस्त, असं इथल्यासारखंच म्हणून मी चिमटा खाली ठेवला. त्या दिवशी एकाही रोपाला हात लावला नाही.

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती.

"फोन आला का रे हॉस्पिटलचा?"

"नाही अजून. पण घाबरू नकोस गं. चारांत तीन ठणठणीत निघतात. हीप्स ऑफ चान्स आहे. मी रोज बघतो ना."

तिचा हात थांबला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुझ्या ट्रेमध्ये शेकडो असतात," ती म्हणाली. "माझं हे एकच आहे."